तुझ्या वाटीचं घट्ट वरण

बायो,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी सांगून टाकते, म्हणजे आज तरी नीट झोपशील. हो, मासे, मटण, अंडं यांतलं काहीही न खाता बाळ चांगलं वाढतं. जन्मात मासा न चाखलेल्या कितीतरी बायकांची वजनं मी गरोदर बायकांच्या तपासणीच्या ओपीडीत घेते, आणि पुढे त्यांचीच गुटगुटीत बाळं लसीकरणाला आलेली बघते. पण जोडीचं दुसरं वाक्यही ऐकून ठेव. शाकाहार पुरतो, आपोआप मात्र पुरत नाही. काय खायचं ते ठरवावं लागतं, आणि भरल्या घरातल्या सुनेला ते मागूनही घ्यावं लागतं.

आईचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. भातावर बांगड्याचं सार नसेल तर तिच्या लेखी ते जेवणच नव्हे. रत्नागिरीची पोर घाटावर माळकऱ्यांच्या घरात नांदते याचं तिला एरवी कौतुक, पण तुला दिवस राहिल्यापासून तिला तुझ्या ताटात काय नाही तेवढंच दिसतंय. तिकडे सासूबाई म्हणतात, "आमची बाळंतपणं भाकरी-कालवणावरच झाली, काय बिघडलं?" दोघींचंही अर्धं अर्धं खरं आहे. माशांतून जे मिळत होतं ते भरून काढायला हवं, हे आईचं खरं. आणि त्यातलं बरंचसं सांगोल्याकडच्या स्वयंपाकघरात आधीपासून आहे, हे सासूबाईंचं खरं. उरतो तो थोडासा भाग गोळ्यांचा. तिथे दोघींचंही नाही, डॉक्टरांचं ऐकायचं.

प्रथिनांपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच घाबरवायला लागतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने 55 किलोच्या बाईला एरवी दिवसाला साधारण 46 ग्रॅम प्रथिनं लागतात. गरोदरपणाच्या मधल्या तीन महिन्यांत त्यात साडेनऊ ग्रॅमची भर घालायची आणि शेवटच्या तीन महिन्यांत 22 ग्रॅमची. म्हणजे सातवा लागला की 68 च्या घरात. आकडा मोठा वाटतो ना? मग कागद-पेन्सिल घे. दिवसभरात मिळून अर्धा लिटर दूध, झाले 16 ग्रॅम. दोन वेळची मिळून दोन मुठी कोरडी डाळ किंवा कडधान्य, म्हणजे दोन वाट्या घट्ट वरण, उसळ किंवा पिठलं, त्याचे 14. वाटीभर दही, 5. मूठभर शेंगदाणे, 7. दिवसभरातल्या भाकऱ्या-पोळ्या, 15-16. पन्नास ग्रॅम पनीर, 9. बेरीज करून बघ, जवळपास पोचलीस. पनीर रोज नको असेल तर त्या जागी आणखी वाटीभर उसळ आणि थोडं दही घे किंवा सोयाबीनच्या वड्यांची भाजी कर. भाकरीबरोबर डाळ, भाताबरोबर वरण हे आपले जोड उगाच पडलेले नाहीत. धान्यात जे प्रथिनघटक कमी असतात ते डाळीत असतात, आणि डाळीत कमी पडतात ते धान्यात. दोन्ही एकाच घासात हवीत असंही नाही, एका दिवसात आली तरी चालतात.

पण या सगळ्या हिशेबात "घट्ट" हा शब्द मी मुद्दाम घातलाय. तुमच्या घरात माणसं किती, पंगत कशी बसते, हे मी पाहिलंय. आधी सासरे आणि दीर, मग पोरं, मग पाहुणेरावळे, आणि सगळ्यांची उष्टी काढून झाली की सुना. कुणी अचानक जेवायला थांबलं की वरणात तांब्याभर पाणी वाढतं आणि वर फोडणी पडते. शेवटच्या पंगतीला जी वाटी येते तिला वरण म्हणायचं, एवढंच. भाजी संपलेली असते, मग चटणी-भाकरी. दही पोरांनी संपवलेलं असतं. "घरात सगळं आहे, कशाची कमी नाही," असं ओपीडीत सांगणाऱ्या बाईला मी विचारते, "ते घरात आहे हो, पण तुमच्या ताटात काल काय आलं?" बहुतेक जणी मग जरा थांबून आठवायला लागतात. म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते ती कुठल्या गोळीची नाही की फळाची नाही. पाणी वाढवण्याआधी तुझ्या वाटीचं वरण काढून ठेवायचं. दह्याची वाटी विरजतानाच वेगळी लावायची. आणि भूक लागली की जेवायचं, पंगत उठायची वाट बघायची नाही.

आता रक्ताचं. गरोदरपणात हिमोग्लोबिन, म्हणजे एचबी, 11 च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात, 7 च्या खाली गेलं तर तो तीव्र. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 52 टक्के गर्भवतींना रक्तक्षय निघाला. त्यात मासे-मटण खाणाऱ्याही आल्याच, हे आईला जरूर सांग. तरी तिचं म्हणणं अगदीच फेकून देण्यासारखं नाही. मांस-मासळीतलं लोह शरीराला चटकन लागतं. डाळी-भाज्यांतलं लोह तितकं सहज लागत नाही. पण ते जास्त लागावं यासाठी करता येण्यासारखं पुष्कळ आहे, आणि त्यातलं बहुतेक फुकटातलं आहे.

पहिलं, लिंबू. भाजी, उसळ, आमटी यांवर जेवताना लिंबू पिळायचं. क जीवनसत्त्व सोबत असलं की वनस्पतीतलं लोह चांगलं शोषलं जातं. लिंबाच्या जागी पेरूची फोड, हंगामात आवळा, काहीही चालेल. दुसरं, चहा. जेवणावर लगेच चहा म्हणजे खाल्लेल्या लोहावर पाणी सोडणं. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी चहा नको, आणि एकूण दिवसाचे दोन कप पुरे. तिसरं, भिजवणं आणि मोड आणणं. कडधान्यांतला जो घटक लोहाला धरून ठेवतो तो भिजवल्याने, मोड आणल्याने, आंबवल्याने कमी होतो. मटकी, हुलगे, चवळी मोड आणूनच कर. हुलग्याचं माडगं तुमच्याकडे होतं ना? आईने ते कधी चाखलंही नसेल, पण तुझ्या या दिवसांत ते सोन्यासारखं आहे. मात्र मोडाची कडधान्यं कच्ची खाऊ नकोस, त्यांत जंतू वाढलेले असू शकतात; चांगली शिजवून किंवा वाफवून घे. चौथं, सासूबाईंनी माळ्यावर टाकलेली लोखंडी कढई खाली काढ. तिच्यात पालेभाजी किंवा आंबट आमटी शिजवली की थोडं लोह अन्नात उतरतं. शिजलं की दुसऱ्या भांड्यात काढून ठेव, त्यातच राहू देऊ नकोस.

आणि ते डाळिंब. सांगोल्याचं डाळिंब घरचंच, रोज दोन दोन खा, रक्त वाढतं, असं तुला सगळे सांगत असणार. खा, जरूर खा, गोड आहे, पाणी आहे, थोडं क जीवनसत्त्वही आहे. पण दाणे लाल आहेत म्हणून रक्त वाढत नाही. डाळिंबात लोह फारच थोडं असतं. बीटाचंही तेच. त्यापेक्षा तांदुळजा, अंबाडी, शेवग्याचा पाला, तीळ, राजगिरा, हुलगे यांच्यात कितीतरी जास्त. पालेभाजी या पावसात चिखलाची येते, तेव्हा चार पाण्यांतून धुऊन मगच चीर.

एवढं करूनही जेवणातून लोहाची गरज भागत नाही, म्हणून लाल गोळी. तुला चौथा लागलाय, म्हणजे ती आता सुरू झाली असेल. सरकारी कार्यक्रमात तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा 180 दिवस. एचबी कमी निघालं तर डॉक्टर मात्रा वाढवतात. आता घेण्याची रीत. गोळी दुधाबरोबर घ्यायची नाही. "औषध गरम पडतं, दुधाबरोबर घे" असं प्रेमाने सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात असतंच, पण दुधातलं कॅल्शियम लोहाच्या आड येतं. साध्या किंवा लिंबाच्या पाण्याबरोबर घे. चहाबरोबर तर नाहीच. शौचाला काळं होईल, ते नेहमीचं आहे, घाबरू नकोस. मळमळत असेल तर रात्री झोपताना घेऊन बघ. बद्धकोष्ठ झालं तर पाणी, पालेभाज्या, फळं वाढव आणि पुढच्या खेपेला सांग, गोळी बदलून मिळते. पण स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. "या गोळ्यांनी बाळ काळं होतं" असं शेजारची काकू म्हणाली, तर हसून सोडून दे. केशरदुधाने बाळ गोरं होत नाही आणि लोहाने काळं होत नाही.

अजून एक विचारते, आणि लाजू नकोस. पाटीची पेन्सिल, भाजकी माती, कच्चे तांदूळ, खडू यांपैकी काही खावंसं वाटतं का? कितीतरी जणी गुपचूप खातात आणि कुणाला सांगत नाहीत. त्याला डोहाळे म्हणून सोडून देऊ नये. लोह कमी पडल्याची ती खूण असू शकते, आणि मातीतून जंत जातात ते वेगळेच. तसं काही असेल तर मला सांग, नाहीतर तुमच्या आशाताईंना सांग. चौथ्या महिन्यानंतर जंताची एक गोळी देतात, ती याच कारणासाठी.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलणार नाही, कारण त्याची चव नाही, रंग नाही, म्हण नाही. बी12. हे जीवनसत्त्व डाळीत नाही, भाजीत नाही, धान्यात नाही, फळात नाही. मोड आलेल्या मटकीत आणि आंबवलेल्या पिठात ते येतं असं कुणी म्हणालं तर त्यावर विसंबू नकोस. ते मिळतं मासे, मटण, अंडी आणि दुधातून. आपल्याकडच्या तिसऱ्या आठवतात? त्यांच्यात ते भरभरून असतं. तू लग्नापर्यंत ते सगळं खात होतीस. यकृतात बी12 साठून राहतं आणि बरीच वर्षं पुरतं, त्यामुळे माहेरून आणलेला साठा तुझ्याकडे काही काळ होता. पण लग्नाला आता वर्षं झाली. तो किती उरलाय हे अंदाजाने कळत नाही, रक्त तपासूनच कळतं.

दिवसाची गरज अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास. अर्ध्या लिटर दुधातून जेमतेम दोनच्या आसपास मिळतं, त्यातलं थोडं उकळण्यात जातं. म्हणजे दूध-दही मनापासून घेणारी बाईसुद्धा काठावरच असते. आणि चहात घातलेल्या दुधाला जी दूध धरते ती तर काठाच्या बरीच खाली. लाल गोळीत बी12 नसतं, हे अनेकींना माहीतच नसतं. उलट नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहिलं तर बी12 च्या कमतरतेने होणारा रक्तक्षय झाकला जाऊ शकतो आणि नसांचं नुकसान मात्र चालू राहतं. हातापायांना मुंग्या, जीभ लाल होऊन झोंबणं, कारण नसताना थकवा, विसराळूपणा ही लक्षणं असू शकतात, पण यांतलं काहीच न दिसताही पातळी कमी असू शकते. बाळाचा मज्जारज्जू आणि मेंदू घडताना बी12 लागतं. पुढे आईच्या दुधातून बाळाला मिळणारं बी12 ही आईच्या पातळीवर ठरतं. आईला फार कमतरता असेल आणि बाळ फक्त अंगावर पीत असेल तर बाळ सुस्त होतं, त्याची वाढ मागे पडते, काही बाळांना कंप सुटतो. हे सांगून तुला घाबरवायचं नाही, कारण याच्याइतका सोपा उपाय फार थोड्या गोष्टींना आहे. तपासणी करायची आणि डॉक्टर सांगतील ती गोळी किंवा इंजेक्शन घ्यायचं. गोळीने माळ बाटत नाही. बहुतेक गोळ्यांतलं बी12 जंतूंच्या मदतीने तयार केलेलं असतं, त्यासाठी प्राणी मारत नाहीत. फक्त कॅप्सूलचं बाहेरचं वेष्टण जिलेटिनचं असतं कधी कधी, तेव्हा औषधवाल्याकडे साधी गोळी माग. सासूबाईंना एवढं कळलं की त्याच आठवण करून देतील बघ.

हे मी पुस्तकातलं सांगतेय असं समजू नकोस, आपल्या पुण्यातलंच आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा गरोदरपणापासून अभ्यास सुरू केला, आणि पुढे त्यांच्या मुलांचाही केला. शेतकरी घरांतल्या, दिवसभर राबणाऱ्या, बहुतेककरून डाळ-भाकरीवर राहणाऱ्या बायका. त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींमध्ये बी12 कमी निघालं. ज्या आयांचं बी12 कमी आणि फॉलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांच्या शरीरात सहाव्या वर्षी इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा सर्वांत जास्त दिसल्या. म्हणजे पुढे मधुमेहाकडे जाणारी वाट. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती मला फार आवडते. बाळाच्या जन्माच्या वेळच्या वजनाचं नातं आईने एकूण किती खाल्लं याच्याशी फारसं जुळलं नाही. ज्यांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध जास्त वेळा होतं, त्यांची बाळं जास्त भरली. तेव्हा "दोन जिवांचं खा" म्हणून कुणी तिसरी भाकरी वाढली तर ती ठेव आणि त्या जागी भाजीची वाटी माग.

एकादशीचं तू विचारलं नाहीस, पण मीच काढते. तुमच्याकडे महिन्याच्या दोन एकादश्या, पुढच्या महिन्यात आषाढी, घर दिंड्यांनी भरलेलं, आणि तू पहाटेपासून चुलीपुढे. मग चातुर्मास. गरोदर बाईला, आजाऱ्याला, लेकराला उपवासातून सूट द्यायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. सासूबाई माळकरी आहेत, त्यांना हे तुझ्याआधी ठाऊक असणार. तू विचारलंस तर त्या नाही म्हणतील असं मला वाटत नाही. तरी मनाने उपवास सोडवत नसेल तर निर्जळी मुळीच नको, आणि नुसत्या साबुदाण्यावरही नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च, प्रथिनं नावालाच. त्यापेक्षा राजगिऱ्याचं थालीपीठ, भगरीबरोबर दाण्याची घट्ट आमटी, दही, दूध, रताळं, केळं. दर दोन-तीन तासांनी काहीतरी पोटात जायला हवं. भगर अख्खी आणून, निवडून, घरीच दळ. जुन्या सुट्या पिठाला बुरशी लागते आणि त्यातून विषबाधा झाल्याच्या बातम्या आपल्याकडे उपवासाच्या दिवसांत येत राहतात. आणि साखरेच्या तपासणीत काही निघालं, तर उपवासाचा विषयच बंद.

साखरेचं म्हणशील तर ती तपासणी चुकवू नकोस. 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेतात. आकडा 140 किंवा वर गेला तर गरोदरपणातला मधुमेह धरतात. पहिल्या भेटीत ठीक आली तरी 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा करायची. शाकाहारी ताटात भाकरी, भात, बटाटा, साबुदाणा, लाडू अशी पिष्टाची गर्दी सहज होते. डोहाळजेवणाचे पाच प्रकारचे लाडू ओटीत येतील, ते वाटून टाक, चव घे. वजन एकूण दहा ते बारा किलो वाढलं की पुरे, तेही आधीच्या वजनावर ठरतं. उलट, "कमी खा, बाळ लहान राहील, बाळंतपण सोपं जाईल" असं सांगणारीही कुणी भेटेल. तिचं बिलकुल ऐकू नकोस. कमी वजनाच्या बाळाचे हाल आम्ही रोज बघतो.

बाकीचं पटापट सांगते. कॅल्शियमची गोळी चौथ्या महिन्यापासून दिवसातून दोनदा असते, दर गोळीत 500 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व. ती जेवणानंतर घ्यायची, पण लाल गोळीच्या वेळी नाही. दोन तासांचं तरी अंतर हवं. दोन्ही वेळच्या मुख्य जेवणांनंतर कॅल्शियम आणि झोपताना लोह, असं वाटून घेतलं की गोंधळ होत नाही. जेवणातून कॅल्शियम हवं तर दूध-दह्याबरोबर नाचणी आहे, तिच्या शंभर ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम असतं. तुमच्याकडे ज्वारीच जास्त, पण नाचणीची आंबील आठवड्यातून दोन-तीनदा कर, तीळ चटणीत घाल. पालकातलं कॅल्शियम मात्र शरीराला फारसं लागत नाही.

मीठ साधं आयोडीनचंच. सध्या सैंधवाचं फॅड आहे, पण त्यात बहुतेक वेळा आयोडीन घातलेलं नसतं, आणि बाळाच्या मेंदूला ते हवंच. माशांतून मिळणारं ओमेगा-3 आता नाही, तर भाकरीबरोबर चमचाभर जवसाची चटणी, जमेल तेव्हा दोन अक्रोड. ते अगदी माशातल्यासारखं नसतं, शरीर त्यातलं थोडंच रूपांतर करू शकतं. शेवाळापासून केलेल्या शाकाहारी गोळ्या मिळतात; हव्या असल्या तर डॉक्टरांना विचारून. टीव्हीवरच्या डब्यातल्या पावडरीवर पैसे घालवू नकोस, वजन वाढत नसेल तरच डॉक्टरांशी बोल. पिकलेली पपई चालते, कच्ची नको. दूध तापवूनच. अळिवाचे लाडू आईने आत्ताच पाठवले तर डब्यात ठेव, ते बाळंतपणानंतरचं खाणं आहे.

सकाळची मळमळ अजून गेली नसेल तर उठल्या उठल्या अंथरुणातच लाह्या नाहीतर कुरमुरे खा, मग पाणी. आल्याचा तुकडा चघळ. भाजणीचा, फोडणीचा वास सहन होत नसेल तर फोडणी दुसरीला घालू दे. काहीच पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ दवाखाना.

आणि आता ते, जे तू शेवटी दोन ओळींत लिहून मग खोडलंस. लपून अंडं खाऊ का? बाय माझे, लपून काही खाऊ नकोस. अंडं वाईट म्हणून नव्हे, अंडं चांगलंच असतं. पण ज्या घरात नऊ महिने आणि पुढची कितीतरी वर्षं काढायचीत, तिथे रोज धास्तावून गिळलेला घास अंगी लागत नाही. तुला मनापासून खावंसं वाटत असेल तर जावईबापूंशी उघड बोल. शरीर तुझं आहे आणि तो निर्णय तुझा आहे. घरात शिजवायचं नसेल तर बाहेर खाता येईल, काहीतरी वाट निघेल. पण "नाही खाल्लं तर बाळाचं वाईट होईल" या भीतीने खाणार असशील तर ती भीती सोड. सातव्यात माहेरी येशील तेव्हा आई तुला मासे खाऊ घालणारच, आणि तुला हवे असतील तर खा. ताजे, नीट शिजवलेले, छोट्या जातीचे. मोरी नको, मोठ्या माशांत पारा साठतो. नको असतील तर तेही आईला मीच सांगेन.

खरं अवघड आहे ते मागणं. तू लहानपणापासून मागायला लाजतेस. म्हणून मागण्याचं काम थोडं वाटून देते. जावईबापूंना पुढच्या तपासणीला सोबत ने आणि डॉक्टरांसमोरच म्हण, "मला काय काय खायला हवं ते यांना सांगा." डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं घरात वेगळ्या वजनाने पोचतं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते, तीही धर. अंगणवाडीत नाव नोंदव. मिळणारा आहार घरच्या हंड्यात मिसळू देऊ नकोस, तो तुझ्या वाटणीचा आहे. सासूबाईंना सल्ला मागितल्यासारखं विचार, "आई, माडगं कसं करायचं हो? दवाखान्यात हुलगे खायला सांगितलेत." ज्या बाईला आपण विचारतो ती आपल्या बाजूची होते. त्यांच्या बाळंतपणांत त्यांनाही शेवटच्या पंगतीचं पातळ वरणच मिळालं असेल. कुणी सांगितलं की सगळ्यांत आधी त्यांनाच पटेल.

उद्याच्या उद्या तीन कामं कर. दह्याची तुझी वाटी वेगळी लाव. लाल गोळी आणि कॅल्शियमची वेळ वेगळी करून कॅलेंडरवर खूण करायला लाग. आणि पुढच्या तपासणीत एचबीबरोबर बी12 ची चिठ्ठी लिहून माग. डॉक्टर विसरले तर तू आठवण कर. रिपोर्ट आले की फोटो मला पाठव. आईला मी आजच फोन करते, तू तिच्याशी वाद घालत बसू नकोस.

तुझीच,
ताई